‘रिवायर्ड’ अशी पट्टी लावून मोकळे झालेल्या महाशयांस खुले पत्र

प्रति,
अज्ञात दुरुस्तीकार महाशय,
केंब्रिज, ओंटारियो (किंवा आसपास कुठेही)



तुमचं नाव मला माहीत नाही, कारण तुम्ही ते कुठेच ठेवलेलं नाही. इंजिनाच्या मागच्या टेंडरच्या, म्हणजे कोळशा-पाण्याच्या डब्याच्या, तळाला तुम्ही मास्किंग टेपची एक पट्टी चिकटवलीत आणि तिच्यावर निळ्या पेनानं एक शब्द लिहिलात: ‘रिवायर्ड’. तारीख नाही, सही नाही, कोणती वायर कुठून कुठे गेली याचा कागद नाही. एवढं मोठं कार्य करून इतकं निनावी राहायचं म्हणजे केवढा हा विनय! पण तुमची दुरुस्ती मी उघडून पाहिली आहे आणि जे पाहिलं ते चारचौघांत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. असं काम करणारे तुम्ही एकटे नाही, म्हणून हे पत्र खुलं.

आधी वाचकांना इंजिनाची ओळख करून देतो. परसबागेत रूळ टाकून चालवायच्या मोठ्या मापाच्या आगगाड्या असतात, त्यांतलं हे एक जुनं इंजिन. न्युरेंबर्गच्या लेहमान कंपनीनं 1968 मध्ये ‘एलजीबी’ या नावानं अशा गाड्या बाजारात आणल्या आणि 45 मिलिमीटर रुंदीचा रूळ जगभरच्या बागांमध्ये पोचला. पुढे इतर कारखान्यांनीही याच रुळावर धावणारी इंजिनं काढली. तुमच्या हाती लागलेल्या इंजिनाला पुढे चार छोटी चाकं, मग सहा मोठी आणि मागे एकही नाही. इकडे कॅनडात याला टेन-व्हीलर म्हणतात. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेकडे याच रचनेची डी-10 वर्गाची 500 हून अधिक इंजिनं होती. मॉडेलचं रूप वाफेच्या इंजिनाचं, पण बॉयलरमध्ये पाणी नसतं. आत विजेची मोटर, धुराड्याखाली तेलाच्या थेंबांचा धूर करणारा छोटा हीटर, कपाळावर दिवा आणि टेंडरमध्ये शिट्टीसाठी स्पीकर.

हे इंजिन विकत घेतलं ते केंब्रिजच्या हेस्पेलर भागातल्या एका मराठी घरातल्या आजोबांनी. सुपर व्हिसावर मुलाकडे आलेले, मूळचे बार्शीचे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. ती पुढे पंढरपूरला गेली, लातूरला गेली, 1927 मध्ये मिरजेला पोचली. आता ती सगळी ब्रॉडगेज झाली आहे. आषाढीला त्या छोट्या गाडीच्या डब्यात खच्चून भरून पंढरपूरला गेलेल्या पिढीतले हे आजोबा. कॅनडात वाढणाऱ्या नातीला आपल्या लहानपणची गाडी दाखवायची, एवढाच त्यांचा हेतू. जुन्या सामानाच्या विक्रीत त्यांना हे इंजिन दिसलं, त्यांनी तुमचा शब्द वाचला आणि त्यावर विश्वास ठेवला. ज्यानं नवी वायरिंग केली आहे त्याला काम येत असणार, असं कुणाही सरळ माणसाला वाटतं.

बेसमेंटमध्ये रुळांचं वर्तुळ मांडून इंजिन त्यावर ठेवलं, तर ते हातभर सरकलं, दोन आचके देऊन थांबलं आणि धुराड्यातून धुराऐवजी जळकट वास आला. आजोबांनी वीज बंद केली आणि मला बोलावलं. मी पेशानं वायरमन, आणि या गाड्यांचा मला नाद आहे.

महाशय, अशा इंजिनाचा बॉयलर खालून स्क्रूंनी धरलेला असतो. त्यांतला एखादा स्क्रू पुढच्या छोट्या चाकांच्या बोगीआड लपलेला असतो. बोगी जरा बाजूला केली की तो समोर येतो. तुम्ही ती बाजूला केली नाहीत. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घातलात आणि बॉयलर उपटलात. स्क्रू ज्या प्लॅस्टिकच्या खुंटीत बसतो ती खुंटी मुळापासून मोडली. त्यावर तुम्ही काढलेला उपाय म्हणजे सुपरग्लू. बॉयलर आणि चॅसी कायमची एकजीव! पुढे कधी कुणाला हे उघडावं लागेल हा विचार तुमच्या मनाला शिवला नाही. या गोंदाची वाफ बंद जागेत कोंडली की पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरा थर धरते. हेडलाइटच्या काचेला तुम्ही मोतीबिंदू देऊन गेलात.

पातळ पातं फिरवून मी तो गोंद हळूहळू सोडवला. आत पाहिलं तर सगळ्या वायरी काळ्या. रुळातून येणाऱ्या दोन, मोटरच्या दोन, दिव्याच्या, हीटरच्या, स्पीकरच्या, बॅटरीच्या, एकूण एक काळ्या. एकाच गुंडाळीत सगळं काम उरकलंत, काटकसरीचं कौतुकच करायला हवं. या छंदात रंगांची शिस्त केव्हाच ठरली आहे. डिजिटल नियंत्रणासाठी अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशननं मान्य केलेल्या संकेतात उजव्या रुळाची वायर लाल, डाव्या रुळाची काळी, मोटरच्या दोन केशरी आणि करड्या, पुढच्या दिव्याची पांढरी, मागच्या दिव्याची पिवळी आणि दिव्यांचं सामाईक धन टोक निळं. हे लक्षात ठेवायला एक संध्याकाळ पुरते. रंगीत वायर हाताशी नसेल तर टोकाला कागदाची चिठ्ठी गुंडाळली तरी भागतं. चिठ्ठी लिहिता येते हे तर तुम्ही टेंडरखाली सिद्धच केलं आहे.

वायर तरी कसली? दारावरच्या बेलला वापरतात ती, एकाच जाड तारेची. इंजिन आणि टेंडर यांना जोडणारी वायर गाडीच्या प्रत्येक वळणावर वाकते आणि पुन्हा सरळ होते. अखंड तार अशी वारंवार वाकली की आतल्या आत तुटते आणि वरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत दिसतं. त्या जागी बारीक तारांचा पुंजका असलेली, सिलिकॉनच्या आवरणाची लवचीक वायर लागते आणि मध्ये काढता-घालता येणारा प्लग लागतो. तुम्ही मूळचा प्लग कापून टाकलात. टेंडर इंजिनापासून वेगळं करायचं तर आता वायरच तोडावी लागत होती.

जोडांबद्दल काय बोलावं! बहुतेक ठिकाणी दोन टोकं पिळून वर इन्सुलेशन टेप गुंडाळली आहे. ओंटारियोत शेडमध्ये पडून राहिलेली वस्तू हिवाळ्यात गोठते आणि उन्हाळ्यात तापते. त्या टेपचा गोंद गरमीत पाझरतो आणि थंडीत टेप ताठ होऊन उलगडते. काही ठिकाणी सोल्डर आहे, पण फ्लक्स वापरलात तो नळजोडणीचा. तांब्याच्या नळासाठी बनवलेला आम्लाचा फ्लक्स वायरच्या जोडावर राहिला की हळूहळू तांबं खात जातो. तुमच्या जोडांवरची हिरवी पूड इन्सुलेशनच्या आतपर्यंत शिरली होती. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असं आपल्याकडे म्हणतात. तुमच्या जोडांत कथील होतं, पण त्यानं तारेला धरलेलंच नव्हतं. मल्टिमीटर लावला तर बीप वाजे आणि वायर जरा हलवली की बीप बंद. रेडिओ दुरुस्त करणारे याला ड्राय सोल्डर म्हणतात आणि शिकाऊ पोराच्या हातून असा जोड झाला तर तो पुन्हा करायला लावतात.

हेडलाइटचा जुना बल्ब काढून तुम्ही एलईडी बसवलात, हे चांगलंच केलंत. रेझिस्टर मात्र लावला नाहीत. हिशोब शाळेतल्या ओहमच्या नियमाचा आहे. रुळावर 18 व्होल्ट. पांढऱ्या एलईडीला लागतात साधारण 3. उरलेले 15 व्होल्ट कुणीतरी अंगावर घेतले पाहिजेत. प्रवाह 15 मिलिअँपियर ठेवायचा तर 15 भागिले 0.015, म्हणजे 1000 ओहमचा रेझिस्टर. त्यात जवळजवळ पाव वॉट उष्णता होते, म्हणून तो अर्ध्या वॉटचा घ्यायचा. किंमत चिल्लर. तुमचा एलईडी एकदा लख्खकन उजळून गेला असणार, आणि त्यानंतर तुम्ही धुराच्या हीटरची वायर बदललीत असं दिसतं. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. हीटरला नियंत्रित, कमी व्होल्टेज द्यायचं असतं. तुम्ही त्याला थेट रुळाला जोडलंत. तेल संपल्यावरही तो तापत राहिला आणि जळून गेला. आजोबांना आलेला वास त्याचाच.

आता मूळ सर्किट बोर्डाबद्दल. तो खराब झाला असेल, हे मी धरून चालतो. पण तुम्ही वायरी बोर्डाच्या अगदी मुळाशी कापल्यात आणि बोर्ड फेकून दिलात. टोकाशी बोटभर वायर सोडली असती तर तिच्या रंगावरून जोडणीचा माग काढता आला असता. त्या बोर्डावर मोटरच्या ब्रशमधून उडणाऱ्या ठिणग्यांचा विद्युत-गोंगाट दाबणारे कपॅसिटर असतात. ते गेले की रिमोटवर चालवायच्या गाडीतला रिसीव्हर भांबावतो आणि गाडी मध्येच थांबते. या जुन्या इंजिनांचे बोर्ड आता सहज मिळत नाहीत. एलजीबी काढणारी लेहमान कंपनी 2006 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढच्या वर्षी तो ब्रँड मेर्कलिन या दुसऱ्या मॉडेल-रेल्वे कंपनीकडे गेला. अमेरिकेतल्या अ‍ॅरिस्टो-क्राफ्ट या अशाच गाड्या काढणाऱ्या कंपनीनं 2013 मध्ये गाशा गुंडाळला. आज जे सुटे भाग शिल्लक आहेत ते दुसऱ्या मोडलेल्या इंजिनांतून काढलेले, छंदी लोकांनी डब्यात जपून ठेवलेले. अशा वेळी बिघडलेला बोर्डसुद्धा कचरा नसतो. त्याच्यावरून नकाशा काढता येतो. तुम्ही भाग तर घालवलातच, त्याबरोबर त्याची माहितीही घालवलीत.

आणि चाकं! इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण वाफेच्या इंजिनातली सगळ्यात देखणी गोष्ट तुम्ही ड्रिलनं पोखरलीत.

खऱ्या वाफेच्या इंजिनात डाव्या आणि उजव्या बाजूचे क्रँक एकमेकांशी 90 अंशांच्या कोनात बसवलेले असतात. एका बाजूचा पिस्टन टोकाला पोचला की त्या क्षणी तो चाकाला ढकलू शकत नाही; पण तेव्हा दुसऱ्या बाजूचा पिस्टन मध्यावर, पुऱ्या जोरात असतो. म्हणून इंजिन कुठल्याही स्थितीत उभं राहिलं तरी पुन्हा निघू शकतं. मॉडेलमध्ये जोर मोटरचा असला तरी तिन्ही मोठे एक्सल बाजूच्या रॉडनं एकमेकांना बांधलेले असतात. त्यामुळे तिन्ही एक्सलवर तो कोन तंतोतंत एकच लागतो. एक एक्सल जरी चार-पाच अंशांनी चुकला तरी दर फेरीला रॉड अडतो.

तुमच्या इंजिनाचा मूळ आजार गिअरचा होता. प्लॅस्टिकचा गिअर धातूच्या एक्सलवर घट्ट दाबून बसवतात; वर्षानुवर्षं त्या ताणात राहून तो तडकतो, चिरेपाशी दोन दात फाकतात आणि दर फेरीला ‘टक्’ असा आवाज येऊ लागतो. जुन्या मोठ्या मापाच्या इंजिनांत हे सर्रास होतं आणि त्यावर नवा गिअर हाच उपाय आहे. तुम्ही चाक ओढून काढलंत, चिरेत गोंद भरलात, थोडा दातांतही भरलात आणि चाक पुन्हा अंदाजानं दाबून बसवलंत. कोन चुकला. रॉड अडू लागला. चाक पुन्हा काढून कोन जुळवावा, हा कंटाळवाणा पण सरळ मार्ग होता. तुम्ही ड्रिल घेतलंत आणि रॉडचं गोल भोक ओढून लांबट केलंत. रॉडनं चाकाला धरूच नये, म्हणजे अडणार नाही! मी आयुष्यात पुष्कळ टाळाटाळ पाहिली आहे, पण तिच्यासाठी इतकी मेहनत घेतलेली पाहिली नव्हती.

इथवरचं सगळं मी अज्ञानाच्या खात्यावर मांडलं असतं. ज्याला येत नाही त्याला शिकवता येतं. मग मी टेंडर उघडलं.

टेंडरमध्ये तुम्ही लिथियम-आयनचे चार सेल एकापुढे एक जोडून ठेवले होते. नाममात्र 14.8 व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर 16.8. त्यात वावगं काही नाही. पुष्कळ जण आता रुळातल्या विजेऐवजी बॅटरीवर गाड्या चालवतात, कारण बागेतले पितळी रूळ काळवंडतात आणि ते घासत बसावं लागतं. पण तुमच्या सेलना फ्यूज नव्हता. सेल प्रमाणाबाहेर चार्ज होऊ नये, पार रिकामा होऊ नये, म्हणून जे संरक्षक सर्किट लावतात तेही नव्हतं. आणि रुळातून वीज घेणाऱ्या चाकांच्या वायरी तुम्ही सोडवल्याच नव्हत्या. त्या तशाच, मध्ये स्विच न घालता, बॅटरीच्या दोन टोकांना जोडलेल्या होत्या.

याचा अर्थ वाचकांनी नीट समजून घ्यावा. रुळाला वीज दिली की ती चार्जरविना, कसल्याही नियंत्रणाविना थेट लिथियमच्या सेलमध्ये जाणार. रुळाची वीज बंद असली तर उलट बॅटरीच रुळांत उतरणार, आणि रुळांवर एखादा स्क्रू-ड्रायव्हर आडवा पडला तरी शॉर्ट होणार. याहून भयंकर गोष्ट पुढे आहे. या गाड्या मागे घ्यायच्या तर पॉवर पॅकची मूठ उलट फिरवतात. तसं केलं की रुळांवरचं धन आणि ऋण बदलतं. आजोबांनी नातीला गाडी मागे घेऊन दाखवायला मूठ फिरवली असती, तर 18 व्होल्ट उलट्या बाजूनं त्या बॅटरीवर पडले असते. लिथियमचा सेल अशा वेळी तापतो, फुगतो, पेट घेतो, आणि ती आग फुंकरीनं विझत नाही. हे सगळं गालिचा अंथरलेल्या बेसमेंटमध्ये, गुडघे टेकून रुळापाशी बसलेल्या सात वर्षांच्या मुलीसमोर.

तसं झालं नाही, कारण बॅटरीकडे जाणारा तुमचाच एक कच्चा जोड आधीच सुटलेला होता. तुमच्या एका चुकीनं तुमच्याच दुसऱ्या चुकीपासून ते घर वाचवलं. याबद्दल तुमचे आभार मानावेत अशी तुमची अपेक्षा नसावी.

हे काम तुम्ही कोणत्या गावाच्या आसऱ्यानं केलंत, तेही ऐका. गॉल्ट, प्रेस्टन आणि हेस्पेलर ही गावं एकत्र करून 1973 मध्ये केंब्रिज शहर झालं. त्यातलं गॉल्ट हे वाफेचं गाव. 1844 मध्ये तिथे डम्फ्रीज फाउंड्री निघाली. पुढे गोल्डी आणि मॅकलक यांनी ती चालवली आणि तिथून वाफेची इंजिनं आणि बॉयलर कॅनडाभर गेले. 1923 मध्ये तो कारखाना बॅबकॉक अँड विल्कॉक्सशी जोडला गेला, आणि अणुवीज केंद्रांची वाफ-जनित्रं आजही या शहरात बनतात. प्रत्येक बॉयलरच्या अंगावर एक पाटी ठोकलेली असते: बनवला कुणी, अनुक्रमांक काय, दाब किती सोसेल. ती पाटी शोभेची नाही. पुढे त्या बॉयलरपाशी उभा राहणारा माणूस जिवंत राहावा म्हणून ती असते.

इथून उत्तरेला सेंट जेकब्सला जा. वॉटर्लू सेंट्रल रेल्वेच्या रुळांवर 1923 मध्ये माँट्रिअल लोकोमोटिव्ह वर्क्सनं बांधलेलं एसेक्स टर्मिनल रेल्वेचं 9 नंबरचं इंजिन तुम्हाला वाफेवर चालताना दिसेल. सदर्न ओंटारियो लोकोमोटिव्ह रेस्टोरेशन सोसायटीच्या स्वयंसेवकांनी ते पुन्हा उभं केलं. आमच्याकडे भारतातही रेल्वेच्या वर्कशॉपमधून डबा किंवा इंजिन मोठी दुरुस्ती होऊन बाहेर पडलं की त्याच्या अंगावर त्या दुरुस्तीची, म्हणजे पीओएचची, तारीख आणि वर्कशॉपची खूण रंगवलेली असते. बिघाड झालाच तर कोणत्या वर्कशॉपला विचारायचं हे गार्डलाही कळतं. पुण्यात भाऊसाहेब जोशींनी उभ्या केलेल्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात गाड्या, सिग्नल, फाटकं ठरल्या वेळी हलतात. तीही तुमच्या भाषेत खेळणीच. ती चालतात, कारण प्रत्येक वायर कुठे जाते हे कुणाला तरी ठाऊक आहे.

तुम्ही म्हणाल, एका जुन्या खेळण्यासाठी एवढा आरडाओरडा कशाला? तर ऐका. कारखान्यातल्या बॉयलरपाशी तपासनीस असतो, परवाना असतो, कायदा असतो. घरातल्या खेळण्यापाशी फक्त मूल असतं. म्हणून तिथे जास्त जपून काम करायचं असतं.

आता तुमच्या इंजिनाचं काय झालं ते सांगतो. तुमची एकही वायर मी ठेवली नाही. आधी सगळ्याचे फोटो काढले, मग सगळं उपसून काढलं. मोडलेल्या खुंटीच्या जागी प्लॅस्टिकची नवी खुंटी बसवली आणि बॉयलर पुन्हा स्क्रूवर आणला. नवा गिअर घातला. गॉल्टच्या जुन्या पोस्ट ऑफिसच्या दगडी इमारतीत आता आयडिया एक्सचेंज या सार्वजनिक वाचनालयाची कार्यशाळा आहे. तिथे थ्रीडी प्रिंटरवर 90 अंशांचा कोन धरणारा साचा करून घेतला आणि तिन्ही एक्सल त्यात जुळवले. तुम्ही लांबट केलेल्या भोकात पितळी बुश बसवून ते पुन्हा गोल केलं. जुने सेल घातक कचऱ्याच्या केंद्रात जमा केले. नव्या बॅटरीला संरक्षक सर्किट लावलं आणि धन टोकापासून बोटभर अंतरावर फ्यूज. रूळ आणि बॅटरी यांच्यामध्ये दोन्ही तारा एकदम बदलणारा डबल पोल स्विच: एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला बॅटरी, मधोमध बंद. दोन्ही एकत्र जोडले जाणं आता शक्यच नाही. बॅटरी काढून घरात चार्ज करायची, कारण शून्य अंशाखाली लिथियमचा सेल चार्ज केला तर आत धातूचा थर साचतो आणि सेल धोकादायक होतो. इथल्या जानेवारीत गॅरेजमध्ये ठेवून तो चार्ज करणं म्हणूनच वर्ज्य.

प्रत्येक जोड रोझिनच्या फ्लक्सनं सोल्डर केला आणि त्यावर हीटश्रिंक स्लीव्ह चढवली. नातीनं मल्टिमीटरची टोकं धरली. बीप वाजली की ती ‘बरोबर’ म्हणायची आणि वहीत खूण करायची. रंगांचा तक्ता तिनंच लिहिला, आजोबांनी शब्द सांगितले: लाल, उजवा रूळ, काळी, डावा रूळ, केशरी आणि करडी, मोटर. त्याच्याखाली तारीख आणि आम्हा तिघांच्या सह्या. तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून टेंडरच्या झाकणाखाली ठेवला आहे. मग चाकं अधांतरी ठेवून, प्रवाहाची मर्यादा लावलेल्या पॉवर सप्लायवर इंजिन चालवलं. रिकामं फिरताना एक अँपियरच्या आत, दोन्ही दिशांना सारखं, आणि ‘टक्’ नाही.

महाशय, मला तुमच्याकडून पैसे नकोत. माफीही आजोबांची मागायला हवी, माझी नाही. मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे: यापूर्वी तुम्ही अशी आणखी इंजिनं ‘दुरुस्त’ करून विकली असतील तर ती कुणाकडे गेली ते आठवा, त्यांना फोन करा आणि बॅटरी काढून ठेवायला सांगा. आजच सांगा. पुढे पुन्हा काम हाती घेतलंत तर आधी फोटो काढा, कापायची वायर बोटभर लांब सोडा, काढलेला भाग पिशवीत घालून मालकाला परत द्या, जे केलं ते कागदावर लिहा आणि खाली आपलं नाव घाला. नाव घालायला हात कचरत असेल तर काम झालेलं नाही असं समजा. आणि जे येत नाही ते ‘येत नाही’ म्हणून परत करा. त्यात कमीपणा नाही. आम्ही सगळेच कधी ना कधी तसं करतो.

वाचकांना एवढंच सांगणं: जुन्या सामानाच्या विक्रीत अशी गाडी दिसली तर जरूर घ्या, ती फेकून देण्याच्या लायकीची नसते. पण मुलांच्या हाती देण्याआधी ती एकदा उघडा किंवा जाणकाराकडून उघडून घ्या. आत बॅटरी असेल तर तिचा फ्यूज कुठे आहे ते विचारा. फ्यूज सापडला नाही, तर गाडीला वीज लावू नका.

आपला,
केंब्रिजमधला एक वायरमन